रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा संसार

रेव्हरंड टिळकांचीं भजनें आपल्या मंडळ्यांत गाइलीं जातात. त्यांच्या संसाराची गोष्टही बोधप्रद आहे.

टिळकांचा जन्म 1861 सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ती वार्ता ऐकून पत्नी लक्ष्मीबाई शोकानें खचून गेल्या. कांहीं वर्षें उभयतां विभक्त राहिलीं. लक्ष्मीबाईंनीं लहान मुलासह पंढरपुरास दिवस काढले. टिळकांनीं दुसरा विवाह केला नाहीं. पत्नीची वाट पाहिली.

पुढें लक्ष्मीबाई नगरास त्यांजकडे आल्या, तरी त्यांनीं सोंवळें सोडलें नाहीं. टिळकांनीं सक्ती केली नाहीं. अखेर 1900 सालीं लक्ष्मीबाईंनीं आपल्या मनानें बाप्तिस्मा घेतला.

टिळक शीघ्रकोपी व पैशाविषयीं बेफिकीर होते. लक्ष्मीबाई स्पष्टवक्त्या होत्या. घरांत खटके उडत, परंतु प्रेम आटलें नाहीं. 9 मे 1919 रोजीं टिळक प्रभूमध्यें निजले. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्यांनीं पतीचे व स्वतःचेही दोष हंसतमुखानें सांगितले. ज्या घरांत कांहीं लपवावें लागत नाहीं, तेथेंच असें लिहवतें.

बंधूंनो, आपण पत्नीस उपदेश पुष्कळ करतों. परंतु आपली चूक, आपलें भय, आपलें दुःख तिजपाशीं कधीं उघड करतों काय? आज सायंप्रार्थनेनंतर दिवा मालवण्यापूर्वीं तिजजवळ बसा. प्रथम आपली चूक सांगा. मग तिचें ऐका.