गाडगेबाबांच्या घरचे बारसे

पालघर जिल्ह्यातील माळकरी मंडळींच्या बैठकीत हल्ली एक विषय हटकून निघतो. बोईसरच्या कारखान्यांत पाळीने जाणारी, तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर वाढलेली, जव्हार-विक्रमगडाच्या डोंगरातून रोजगारासाठी खाली उतरलेली पोरं व्यसनाच्या वाटेला लागत आहेत. त्यांना आवरावे कसे? गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, तरी पुड्या खिशात असतातच. कोणी म्हणतो पोलिसांना कळवा, कोणी म्हणतो पोरांना कीर्तनाला ओढून आणा. आम्हांला अशा वेळी श्रीगाडगेबाबांची आठवण होते. त्यांचे चरित्र वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. आज ते एकाच अंगाने सांगावे असे योजिले आहे.

बाबांचा खराटा सगळ्यांना ठाऊक आहे. शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, शाळेच्या भिंतीवर त्यांचे चित्र आले, हे योग्यच झाले. पण त्या खराट्याच्या मागे दारूने मोडलेले एक घर आहे, ते मात्र चित्रात दिसत नाही.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात बाबांचा जन्म झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घर खाऊनपिऊन सुखी होते. पण देवकार्य म्हटले की बोकड कापायचा आणि दारू वाटायची, ही जातीतली चालच पडलेली. झिंगराजी गुत्त्यातून बिघडले असे नव्हे, देवाच्या आणि पाहुण्यांच्या पंगतीतून बिघडले. पुढे पेला सुटेना. होते नव्हते ते गेले, शरीरही गेले, आणि १८८४ साली ऐन उमेदीत त्यांनी देह ठेवला. डेबू तेव्हा आठ वर्षांचा. मरतेसमयी त्यांनी बायकोला बजावले की पोराला या वाटेला जाऊ देऊ नकोस, असे चरित्रकार सांगतात. सखुबाई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली.

दापुऱ्यात डेबूने मामाची गुरे राखली, नांगर धरला. त्याच वयात गावातली पोरं जमवून रात्री भजन सुरू केले. हे आम्हांला फार मोलाचे वाटते. दिवसभर राबून आलेल्या पोराला संध्याकाळ मोकळी मिळते, आणि बिघडायचे ते त्या मोकळ्या संध्याकाळीच. डेबूने ती संध्याकाळ टाळमृदंगाने भरून टाकली. त्या भजनात तथाकथित हलक्या जातींची पोरंही बसत. उपदेश नंतर, आधी शेजारी बसायला जागा.

१८९२ साली लग्न झाले. कुंताबाई घरात आल्या. पहिली मुलगी झाली, आलोका. तिचे बारसे आले आणि खरी परीक्षा उभी राहिली. जातभाई जमणार म्हणजे मटण आणि दारू हवीच; ती नसेल तर पंगत कसली? डेबूजींनी गोडाधोडाचे जेवण केले. दारूचा थेंब आणला नाही. मंडळी बिथरली, जातीचा धाक दाखवला गेला. वाचकांनी क्षणभर त्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. सासुरवाडीची माणसे समोर, आई संकोचलेली, बाळंतीण आत, आणि यजमान तरुण पोरगा. अशा वेळी भलेभले म्हणतात, आजच्या दिवस होऊन जाऊ द्या. डेबूजी वाकले नाहीत. ज्या पंगतीने बाप नेला, ती पंगत त्यांनी लेकीच्या पाळण्याशेजारी मांडली नाही. आमच्या मते हेच बाबांचे पहिले कीर्तन.

पुढे सावकाराच्या पाशात मामाची जमीन गेली, मामा त्या धक्क्याने गेला, आणि डेबूजींनी सावकाराशी झुंज दिली, हा भाग प्रसिद्धच आहे. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांनाच प्रश्न घालीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. दारू, कर्ज काढून केलेले सण, नवसाचा बोकड, शिवाशीव, हे सारे ते एकाच दावणीचे मानीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतः त्यांत कधी मालकीने राहिले नाहीत. कोणास गुरुमंत्र दिला नाही, शिष्य केला नाही, पाया पडू दिले नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इथे मोह आहे, ताडी आहे. इंग्रज सरकारने १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर कायद्याने निर्बंध घातले. पण तो गरिबाचे घर वाचावे म्हणून नव्हे, अबकारीचे उत्पन्न बुडू नये म्हणून. त्या कायद्याने कोणाची सुटली नाही. मात्र १९२२ साली याच पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतून देवीची एक लाट उठली. अंगात आलेली माणसे सांगत: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा. डहाणू-उंबरगावावरून ती लाट त्याच वर्षी सुरत जिल्ह्यातील आदिवासींपर्यंत पोचली. गावेच्या गावे काही काळ दारूपासून दूर राहिली. काही ठिकाणी पुन्हा जुने सुरू झाले, हेही खरे. पण गाव सगळे मिळून ठरवते तेव्हा काय होते, ते या मातीने पाहिलेले आहे.

आणि इथेच आम्हां वारकऱ्यांना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पोराच्या गळ्यात माळ घातली की आपले काम झाले असे आपण समजतो. माळ घातलेला पोरगा हळदीच्या रात्री मित्रांत बसतो, तेव्हा तो एकटा पडतो. मांडवाच्या मागे बाटल्या आणणारे कोण? त्याचे काका, मामा, कधी कधी खुद्द भजनी मंडळाचा वर्गणीदार! पोरांना बोल लावण्याआधी हळदीचा मांडव आपण तपासावा. भजनी मंडळ, शाळेचे गुरुजी, ग्रामपंचायत आणि कारखान्यातले जाणते कामगार एकत्र बसले तर एका गावची हळद कोरडी होणे अवघड नाही. कुटुंबाने ती कोरडी केली तर तिथे टाळ घेऊन आपण जावे, म्हणजे पंगत ओकी वाटणार नाही. ज्याला व्यसन जडलेच आहे, त्याला मात्र डॉक्टरकडे न्यावे. नुसत्या शपथेवर सोडू नये.

बाबा अखेरपर्यंत फिरत राहिले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तरी त्यांचे कीर्तन थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. वांद्र्याच्या त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झालेले आहे. वांद्र्यावरून जाणारी तीच रेल्वेची वाट पालघर-बोईसरला येते. पाळी संपवून गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर कोणी ते लावून द्यावे. आवाज थकलेला आहे, पण प्रश्न विचारणे सुटलेले नाही.