बातम्यांतून आलेल्या स्मिता पाटील

आपल्या ए.बी. रोडने मुंबईकडे निघाले की सेंधव्यानंतर महाराष्ट्रातले शिरपूर लागते. स्मिता पाटील यांचे घराणे तिथले. वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई परिचारिका. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. पुढे लवकरच स्मिताताई तिथे मराठी बातम्या वाचू लागल्या. वय विशीच्या आतले, रंग सावळा, आणि पडद्यावर तर गोरेपणाची चलती! जीन्सवरच साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत असे सांगतात. (टेबलाखालचे कोणाला दिसते!) श्याम बेनेगल यांनी त्यांना या बातम्यांतच हेरले.

आम्हा इंदूरकरांना त्या भेटल्या थेट चित्रपटगृहात. 'भूमिका' व 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ साली पद्मश्री. आमच्या मते मात्र 'उंबरठा' सर्वांत वरचा. कामासाठी घर सोडणाऱ्या सुलभाचे बरोबर की चूक, हा वाद आमच्या घरांत अजून मिटलेला नाही.

मुलाच्या जन्मानंतर पंधरवड्यातच, १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतरच्या आजारात त्या गेल्या. वय अवघे ३१. 'वारिस' आला १९८८ मध्ये. त्यात त्यांच्यासाठी आवाज रेखाने दिला.