घरची भाषा, गोठ्यातले बोल आणि थिओबाल्ड स्मिथ

भाषेचा प्रश्न निघाला की आम्हा सीमाभागातील मराठी भाषकांना एक शंका हटकून विचारली जाते. कचेरीची भाषा एक, नोकरीची दुसरी. मग घरची भाषा जपून मुलांच्या पदरात काय पडणार? या शंकेला वादाने उत्तर देण्याऐवजी आम्ही आज एका परक्या देशातील पशुरोग-शास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थिओबाल्ड स्मिथ यांचा जन्म 31 जुलै 1859 रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. आईवडील जर्मनीतून आलेले, मूळ आडनाव श्मिट. शाळेत इंग्रजी, घरात जर्मन. 1883 साली ते डॉक्टर झाले आणि 1884 मध्ये वॉशिंग्टनला शेतीखात्याच्या पशुविभागात दाखल झाले. जंतुशास्त्र तेव्हा नवे होते आणि त्याची पंढरी होती बर्लिन. ते शिकण्यासाठी अनेकजण युरोपची वाट धरीत. स्मिथ यांनी रॉबर्ट कॉख यांचे जर्मन लेख मुळातून वाचले आणि ती विद्या घरबसल्या आत्मसात केली. शिक्षणासाठी परदेशी न जाता ते या शास्त्रात अग्रणी ठरले, त्यात घरच्या भाषेचा वाटा मोठा होता.

त्या काळी अमेरिकेत 'टेक्सास ताप' गुरांचा कर्दनकाळ ठरला होता. दक्षिणेकडील गुरे दिसायला धडधाकट. पण ती उत्तरेतील ज्या कुरणांतून जात, तेथील गुरे काही आठवड्यांनी तापाने फणफणत, तांबडे मुतत आणि पटापट मरत. हे गोचिडांचे काम आहे, असे गुराखी व शेतकरी सांगत. विद्वानांनी मात्र ही अडाण्यांची समजूत म्हणून हसण्यावारी नेली.

स्मिथ व त्यांचे सहकारी पशुवैद्य किलबोर्न यांनी हे बोलणे कसोटीला लावले. 1889 च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलिनातून गोचीड असलेली गुरे आणली. एका कुरणात ती तशीच सोडली. दुसऱ्यात सोडण्यापूर्वी त्यांच्या अंगावरचे गोचीड हातांनी वेचून काढले. तिसऱ्यात दक्षिणेचे जनावर न सोडता नुसते गोचीड पसरले. पहिल्या व तिसऱ्या कुरणातील उत्तरेची गुरे आजारी पडली. दुसऱ्यातील निरोगी राहिली. पुढे प्रयोगशाळेत अंड्यांतून काढलेली पिल्ले निरोगी गुरांवर सोडली, तरीही ताप आला. म्हणजे रोगाचा जंतू मादीकडून अंड्यांत उतरत होता. तांबड्या रक्तपेशींत घर करणारा हा सूक्ष्म परजीवी आज बॅबेसिया बायजेमिना या नावाने ओळखला जातो.

1893 साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. एकपेशीय परजीवी किडीवाटे एका जनावरातून दुसऱ्यात जातो, हे प्रयोगाने प्रथमच सिद्ध झाले. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर, 1897 मध्ये. गोचिडांचा जीवनक्रम अभ्यासणारे कूपर कर्टिस यांचे नाव मात्र अहवालाच्या मुखपृष्ठावर नव्हते, ही खंत नोंदवलीच पाहिजे. 1906 मध्ये अमेरिकेने गोचीड-निर्मूलनाची देशव्यापी मोहीम हाती घेतली. स्मिथ 10 डिसेंबर 1934 रोजी निवर्तले, तेव्हा ती चालूच होती. 1943 पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरील पट्टा वगळता देश या गोचिडांपासून मुक्त झाला.

वाचकहो, हा विषय आपल्या दारातला आहे. आपल्याकडील संकरित गाईंना गोचीड-ताप देशी गाईंपेक्षा जास्त छळतो. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला, गोचिडांमुळेच माणसाला होणारा माकडताप 2015 मध्ये सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात पोचला. अशा वेळी जंगलात जाणाऱ्याला कळेल अशा भाषेत सूचना मिळाली नाही, तर ती असून नसल्यासारखी. आणि गुरे राखणारा आपल्या बोलीत जे सांगतो, ते टिपून घेणारा कोणी नसेल, तर शास्त्राचेही तेवढेच नुकसान. स्मिथ यांना घरच्या भाषेने पुस्तके उघडून दिली आणि गुराख्यांच्या बोलण्याने प्रश्न दाखवून दिला. मुलांच्या पदरात काय पडणार, असे विचारणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे.