कमळाच्या पानाने शिकवलेले वास्तुशिल्प

कवीची उपमा कागदावर राहिली तरी चालते. वास्तुकाराच्या उपमेला मात्र भार पेलावा लागतो. जोसेफ पॅक्स्टनच्या चरित्रावरून हे चांगले समजते.

१८०३ साली इंग्लंडमधील बेडफर्डशायरात एका शेतकऱ्याच्या घरी पॅक्स्टन जन्मला. वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नाही. १८२६ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकने त्याला चॅट्सवर्थ येथील आपल्या बागेचा मुख्य माळी नेमले. उष्ण देशांतील रोपे तेथील थंडीत जगवायची म्हणून तो काचघरे बांधू लागला आणि त्यातूनच बांधणीची विद्या शिकला.

१८४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतील ‘व्हिक्टोरिया’ नावाच्या प्रचंड कमळाचे रोप त्याच्या हाती आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते फुलले. पण पॅक्स्टनची नजर खिळली ती पानावर. आपल्या लहानग्या मुलीला त्याने पानावर उभे केले, तरी पान दुमडले नाही. त्याच्या पाठीवर देठापासून फाकलेल्या जाड शिरा होत्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या शिरा होत्या. बळ त्या जाळ्यात होते. वरचा पापुद्रा केवळ आच्छादन होता.

पुढल्याच वर्षी लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी इमारत हवी होती. २४५ आराखडे आले, एकही पसंत पडला नाही. समितीने स्वतः आखलेल्या विटांच्या अवजड इमारतीवर टीकेची झोड उठली, आणि हाती पुरते वर्षही उरले नव्हते. जून १८५० मध्ये पॅक्स्टनने एका टीपकागदावर आपली कल्पना रेखाटली. शिरांच्या जागी लोखंड व लाकूड आणि पापुद्र्याच्या जागी काच, अशी ती रचना होती. ठराविक मापाचे भाग कारखान्यात घडवायचे आणि जागेवर फक्त जोडायचे. छतावरचे पावसाचे पाणी पोकळ खांबांतून खाली जाई. हाइड पार्कमधील जुने एल्म वृक्ष न तोडता कमानदार छताखाली घेण्यात आले. १८४८ फूट लांबीचा हा स्फटिकमहाल १ मे १८५१ रोजी खुला झाला आणि साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर प्रेक्षक तेथे येऊन गेले. शेतकऱ्याचा मुलगा ‘सर’ झाला.

१८६५ मध्ये पॅक्स्टन निवर्तला. सिडनहॅम येथे पुन्हा उभारलेला महाल १९३६ च्या आगीत नष्ट झाला. त्या महालाचा आकार कमळाच्या पानासारखा मुळीच नव्हता. पॅक्स्टनने पानाचे रूप घेतले नाही, त्याची युक्ती घेतली; म्हणूनच माळ्याची उपमा इमारत होऊन उभी राहिली.