भाषेचा तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन

इ. स. १८८९ च्या एप्रिल महिन्यात २६ तारखेस व्हिएन्ना शहरी लुडविग विट्गेनस्टाइनचा जन्म झाला. पोलादाच्या धंद्यात अलोट संपत्ती मिळविलेल्या घराण्यातील हे शेंडेफळ. विमानविद्या शिकण्यासाठी तो १९०८ मध्ये मँचेस्टरला गेला. परंतु गणिताच्या मूलतत्त्वांची ओढ लागून १९११ मध्ये केंब्रिजला बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाकडे आला.

पहिल्या महायुद्धात तो स्वेच्छेने सैन्यात शिरला. तेथे लिहिलेल्या टिपणांतून सिद्ध झालेला त्याचा ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाक्य हे वस्तुस्थितीचे चित्र होय, असे त्यात प्रतिपादन होते. आता तत्त्वज्ञानात करण्यासारखे काही उरले नाही, अशी त्याची खात्री झाली. आपल्या वाट्याची संपत्ती भावंडांना देऊन १९२० पासून तो ऑस्ट्रियातील खेड्यांत प्राथमिक शिक्षक झाला.

त्या गरीब मुलांना परवडेल असा शब्दकोश नव्हता. तेव्हा त्याने मुलांकडूनच वह्यांत शब्दसंग्रह करविले व पुढे त्यांच्यासाठी एक लहानसा कोश छापविला. शिक्षक म्हणून तो कल्पक, पण अतिशय तापट होता. १९२६ मध्ये त्याच्या मारामुळे एक मुलगा बेशुद्ध पडला. शिक्षकाला हा दोष शोभणारा नव्हेच. त्याने नोकरी सोडली.

१९२९ मध्ये तो केंब्रिजला परतला. तेथे स्राफा या इटालियन अर्थशास्त्रज्ञाशी त्याचे वाद चालत. एकदा स्राफाने हनुवटीखालून बोटे फिरवून तिरस्कार दाखविला आणि हे कशाचे चित्र, असे विचारले, अशी आख्यायिका आहे. कीर्ती देणारा आपलाच सिद्धान्त विट्गेनस्टाइनला अपुरा वाटू लागला. तो गवंड्याचे उदाहरण घेई. गवंड्याने ‘फरशी’ असे म्हणताच मदतनीस ती आणून देतो. फरशीचे चित्र मनात उमटले, पण हात हलला नाही, तर शब्द समजला असे कसे म्हणावे? आज्ञा करणे, आभार मानणे, प्रार्थना करणे, विनोद सांगणे ही सारी माणसांची कृत्ये आहेत. शब्दाचा अर्थ बहुधा त्याच्या अशा वापरात असतो, असे तो शिकवू लागला. ज्या ग्रंथाने विद्वानांत मान मिळाला, त्यातील चुका दाखविणे सोपे नव्हते.

१९३९ मध्ये तो प्राध्यापक झाला, तरी दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या एका रुग्णालयात त्याने हमालाचे काम केले. १९४७ मध्ये त्याने अध्यापन सोडले. २९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिज येथे त्याचे निधन झाले. त्याचा दुसरा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये बाहेर आला. पहिला ग्रंथ व हा नवा ग्रंथ एकत्र छापावेत, म्हणजे जुन्या विचारांशेजारी नवे नीट उमजतील, असे त्याने प्रस्तावनेत सुचविले होते.