कै. भाऊसाहेब बांदोडकर : एक पुण्यस्मरण

पेडणे महालाने गोमंतकास दिलेल्या लोकसेवकांत कै. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर तथा भाऊसाहेब यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. दि. १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे त्यांचा जन्म झाला. सामान्य परिस्थितीतून वर येऊन खाणव्यवसायात त्यांनी लौकिक मिळविला आणि २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुक्त गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९६४ च्या कूळ कायद्याने खंडास मर्यादा पडली व कुळाला जमिनीवरून हुसकावणे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. आपणां महाजन मंडळींपैकी अनेकांच्या कोठारात त्यामुळे भात कमी येऊ लागले, हे कशास लपवावे? परंतु ज्या कुळाच्या श्रमावर पालखी-जत्रांचा खर्च चालत आला, त्याच्या मुलास गावातच मराठी शाळा मिळाली, तीही याच कारकीर्दीत. विलीनीकरणाचा त्यांचा आग्रह १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांनी नाकारला गेला. तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीत जनतेने कारभार पुन्हा त्यांच्याच हाती सोपविला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच ते निवर्तले. पणजीस मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे.