चाळिशीतला विद्यार्थी

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वत्र आदराने घेतले जाते. त्यांनी पहिला चित्रपट निर्माण केला हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यासाठी लागणारी विद्या त्यांनी कोणत्या परिस्थितीत संपादन केली, हे फारसे कुणाला माहीत नसते. चित्रपटाच्या मागे लागले तेव्हा दादासाहेबांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. जुना धंदा सुटला होता. पदरी पत्नी आणि मुले होती. जी विद्या शिकायची ती शिकविणारी एकही शाळा त्या वेळी आपल्या देशात नव्हती. अशा वेळी या माणसाने रोज थोडेथोडे शिकत एका व्यवसायातून दुसऱ्या व्यवसायात पाऊल टाकले. ती हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

दादासाहेबांचे मूळ नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. घराण्याची परंपरा शास्त्री-पंडितांची असली, तरी धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे होता. त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. तेथील प्रा. गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याला छायाचित्रणाची साधने वापरण्याची मोकळीक दिली. चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या तिन्ही विद्यांची गोडी त्यांना तेथेच लागली.

शिक्षण संपल्यावर मात्र स्थैर्य लाभले नाही. गुजरातमधील गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास प्लेगची साथ आली आणि तीत त्यांची पत्नी व मूल दगावले. गोध्रा सोडून ते बडोद्यास परतले. पुन्हा छायाचित्रे काढून पाहिली, नाटकांचे पडदे रंगविले, हातचलाखीचे प्रयोगही शिकून घेतले. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे खेळ करीत. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. त्यांच्या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. १९०३ मध्ये दादासाहेबांना भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरीत पोटापाण्याची चिंता नव्हती. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते. नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय थाटला. पुढे तो व्यवसाय दादरला आला. १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन रंगीत छपाईची नवी माहिती व यंत्रसामग्री घेऊन आले. छापखान्याला चांगले नाव मिळाले. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि आपण उभ्या केलेल्या व्यवसायातून दादासाहेब रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

माणसाच्या आयुष्यात अशी वेळ आली की, तो सहसा ओळखीच्या कामाकडे वळतो. दादासाहेबांनाही तसे करता आले असते. छपाईतील त्यांचे कौशल्य सर्वांना ठाऊक होते आणि तशी बोलावणीही येत होती. परंतु १९११ च्या सुमारास मुंबईतील गिरगावात तंबूत चाललेला एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. तो येशू ख्रिस्ताच्या जीवनावर होता. पडद्यावर हलणारी ती चित्रे पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या पुराणांतील कथा आपल्याच माणसांनी अशाच रीतीने पडद्यावर का आणू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले. घरी परतताना दोघांच्या बोलण्यात एकच विषय होता.

विचार सुचणे सोपे असते. तो प्रत्यक्षात आणण्याची विद्या कोठून आणायची, हा खरा प्रश्न होता. दादासाहेबांनी त्याचे उत्तर स्वतःच शोधले. त्यांनी रोजचा अभ्यास सुरू केला. मुंबईत जो चित्रपट येई, तो ते पाहत. दिवसाचे चार-पाच तास त्यांत जात. इतर प्रेक्षक कथेत रंगून जात. दादासाहेबांचे लक्ष मात्र हे दृश्य कसे घेतले असेल, एका दृश्याला दुसरे कसे जोडले असेल, याकडे असे. मिळतील तेथून पुस्तके व मासिके मिळवून ते वाचत. एक लहानसा कॅमेरा व काही रिळे आणून, रात्री घरातल्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडाने भिंगातून चित्रे पाडून पाहत. दिवसा पाहिलेल्या गोष्टींची रात्री अशी उजळणी होत असे.

या अभ्यासाची किंमत त्यांना मोजावी लागली. पुरेशी झोप नाही आणि डोळ्यांना क्षणाची विश्रांती नाही, यामुळे त्यांची दृष्टी अधू झाली. काही काळ तर त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले. ज्या विद्येचा सारा आधार डोळ्यांवर, ती शिकताना डोळेच जाण्याची वेळ आली. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले आणि वेगवेगळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी परत आली. एखादा माणूस येथेच थांबला असता. दादासाहेबांनी अभ्यास पुढे चालू केला.

पुस्तके वाचून आणि चित्रपट पाहून जे कळत नव्हते, ते प्रत्यक्ष चित्रपट बनविणाऱ्यांकडूनच शिकणे भाग होते. त्यासाठी इंग्लंडला जायला हवे होते. दादासाहेबांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपयांचे कर्ज काढले. आपल्या पश्चात कुटुंबाला आधार व्हावा म्हणून ठेवलेली ती पुंजी होती. ती पणाला लावून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे त्यांची कुणाशीही ओळख नव्हती. एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या नावाची पाटी पाहून ते थेट कचेरीत गेले आणि संपादक कॅबोर्न यांना भेटले. इंग्लंडमध्येच अनेक चित्रपटनिर्माते अपयशी ठरत होते. त्यामुळे हिंदुस्थानात हा उद्योग करण्याच्या भानगडीत पडू नये, असा सल्ला कॅबोर्न यांनी दिला. परंतु या पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनीच पुढे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतील सर्व विभाग दादासाहेबांना मोकळेपणाने पाहू दिले. दादासाहेब लंडनमध्ये जेमतेम दोन आठवडे राहिले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा त्यांनी ५० पौंडांना विकत घेतला. कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदविली. एप्रिल १९१२ मध्ये ते मायदेशी परतले.

आता विद्या हाती होती, यंत्र होते. भांडवल मात्र नव्हते. अननुभवी माणसाच्या शब्दावर पैसे कोण देणार? तेव्हा दादासाहेबांनी एक युक्ती केली. त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा ठेवला. बियांतून कोंब बाहेर पडला, तो वाढला, त्याला पाने फुटली. दादासाहेब दररोज कुंडीची थोडीथोडी चित्रे घेत राहिले. असे सुमारे महिनाभर चालले. ती सर्व चित्रे जोडून पडद्यावर दाखविली, तेव्हा बी रुजून त्याचा वेल होण्याची क्रिया पाहता पाहता डोळ्यांसमोर घडू लागली. अंकुराची वाढ दाखविणारी ही छोटीशी फिल्म पाहून धनिकांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तरीही रक्कम अपुरी पडू लागली, तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

सरस्वतीबाईंचा वाटा दागिन्यांपुरता नव्हता. या नव्या विद्येच्या त्याही विद्यार्थिनी झाल्या. कच्च्या फिल्मला दोन्ही कडांनी छिद्रे पाडावी लागत, त्याशिवाय ती कॅमेऱ्यात फिरत नसे. हे काम अंधारात करावयाचे असे. सरस्वतीबाई ते शिकल्या. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, दृश्ये जोडण्यास मदत करणे हेही त्यांनी आत्मसात केले. चित्रणाच्या वेळी पांढरी चादर हातात धरून त्या उन्हाचा उजेड नटांच्या चेहऱ्यावर पाडीत. शिवाय पन्नासएक माणसांचा स्वयंपाक रोज त्यांच्याच हातचा असे.

पहिल्या चित्रपटासाठी दादासाहेबांनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दबके यांनी केली. रोहिदासाच्या भूमिकेसाठी दादासाहेबांनी आपलाच मुलगा भालचंद्र याला उभे केले. तारामतीच्या भूमिकेसाठी मात्र एकही स्त्री मिळेना. चित्रपटात काम करणे त्या काळी अप्रतिष्ठेचे मानले जाई. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी तारामती केले. यांतील कुणालाही चित्रपटाचा अनुभव नव्हता. कसे उभे राहावे, कोठे पाहावे, शब्दांवाचून भाव कसा दाखवावा, हे दादासाहेब प्रत्येकाला शिकवीत. पटकथा, नेपथ्य, दिग्दर्शन, चित्रण, फिल्म धुणे व जोडणे ही सर्व कामे ते स्वतः पाहत. त्यांची जुनी शिदोरी येथे उपयोगी पडली. चित्रकलेमुळे पडदे रंगविता आले, छायाचित्रणामुळे उजेडाची पारख झाली होती, छापखान्याने रसायनांची सवय लावली होती आणि जादूच्या खेळांमुळे देव प्रकट होण्याची व अदृश्य होण्याची दृश्ये सुचली. पूर्वी अर्धवट सुटलेले, फसलेले वाटणारे सारे उद्योग या एका कामात उपयोगी आले.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमानंतर ३,७०० फूट लांबीचा हा मूकपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी तो मुंबईतील निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी खुला झाला. लोकांनी त्याचे उत्स्फूर्त स्वागत केले. 'राजा हरिश्चंद्र' हा भारतीय माणसाने निर्माण केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो.

यशानंतरही शिकणे थांबले नाही. लवकरच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली आणि स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे काम करण्याची संधी चालून आली असताही ती नाकारून ते परतले. १९१७ मधील 'लंकादहन' पाहण्यासाठी प्रेक्षकांच्या झुंडी लोटल्या. त्याच वर्षी चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लघुपटही त्यांनी काढला. जी विद्या आपणांस एवढ्या कष्टाने मिळाली, ती दडवून न ठेवता लोकांपुढे उघडी करावी, हा त्यांचा स्वभाव होता.

दादासाहेबांचे पुढचे आयुष्य केवळ यशाचे नव्हते. कंपनीतील भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. उद्विग्न होऊन ते काही काळ काशीला जाऊन राहिले. पुढे ते परतले. पण मूकपटांचा काळ सरत आला होता. चित्रपट बोलू लागला आणि त्याचे सारे तंत्रच पालटले. अशा वेळी वयाच्या ६७ व्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी 'गंगावतरण' हा आपला बोलपट पूर्ण केला. बदललेल्या काळात त्यांना पूर्वीचे वैभव लाभले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या कार्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मानाचा पुरस्कार सुरू केला आणि १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

उतारवयात विद्येची सुरुवात करणाऱ्याला वाटते की, आता उशीर झाला. शिकायचे आहे ते फार आहे आणि दिवस थोडे आहेत. दादासाहेबांपुढेही हीच अडचण होती. घरची काळजी, कर्जाचा बोजा, अधू झालेली दृष्टी यांतून त्यांची सुटका नव्हती. तरीही रोज एखादी नवी गोष्ट समजून घेण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. कुंडीतला वाटाणा एका दिवसात किती वाढला, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. महिनाभराची चित्रे एकापुढे एक ठेवली, म्हणजेच बियाचा वेल झाल्याचे ध्यानात येते.